पायाच्या मापाचा जोडा

'जोडा' हा शब्द आम्हांला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे. विवाहेच्छू तरुण-तरुणी नाव नोंदविण्यासाठी आमच्या कार्यालयात येतात तेव्हा त्यांना आम्ही जोडा म्हणतो आणि त्यांनी दाराबाहेर काढून ठेवलेल्या पादत्राणांनाही जोडाच म्हणतो. पहिल्या जोड्याने एकमेकांना शोभावे म्हणून ख्रिस्तसभेने विवाहपूर्व शिबिरे, समुपदेशन, तीन रविवारची जाहीर पुकार अशी केवढी तरी व्यवस्था केली आहे. दुसऱ्या जोड्याबाबत मात्र कुणालाच काही शिकवावेसे वाटत नाही. लग्नाच्या साडीसाठी माणसे दादर पालथे घालतील, कोटाच्या बाहीत अर्धा इंच जास्त झाला तर शिंप्याकडे तीन खेपा घालतील. बुटांच्या दुकानात मात्र 'आठ नंबर दाखवा' असे सांगून दहा मिनिटांत मोकळी होतील. हा आठ नंबर त्यांना कुणी सांगितला? बहुधा कॉलेजात असताना एखाद्या दुकानदाराने. त्यानंतर वीस वर्षे गेली, अंगावर मांस चढले, पायाची कमान थोडी खाली आली, पाऊल लांबले आणि पसरले. पण नंबर मात्र बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील तारखेसारखा कायमचा राहिला.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते गोल्फमुळे. हे वाचून आमचे धर्मग्रामवासी हसतील, कारण त्यांच्या धर्मगुरूने गोल्फची काठी कधी हाती धरलेली नाही. परंतु आमच्या धर्मग्रामातील वस्तीमधले काही तरुण शहराच्या गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून काम करतात. खेळणाऱ्या साहेबाची दहा-पंधरा किलोची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालायचे, चेंडू कुठे पडला ते पाहायचे, कोणती काठी हवी ते ओळखून पुढे करायची, असे ते काम. अठरा होलांचा एक फेरा म्हणजे सहा ते आठ किलोमीटरांची चाल, आणि तीही सरळ रस्त्यावरची नव्हे. चढउताराची, दव पडलेल्या हिरवळीवरची, वाळूच्या खळग्यांतली. साहेब खेळ म्हणून चालतो, कॅडी पोटासाठी चालतो. पावले मात्र दोघांची सारखीच मोजली जातात.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. तिथल्या पार्लमेंटने १४५७ साली गोल्फ आणि फुटबॉल या दोहोंवर बंदी घातली होती, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागली होती. पुढे बंदी उठली. आपल्या प्रभूचा प्रेषित आंद्रेय याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेंट अँड्र्यूज या गावात समुद्रकाठच्या माळरानावर गोल्फ खेळण्याचा नागरिकांचा हक्क १५५२ साली लेखी मान्य केला तो तिथल्या आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी. हे गृहस्थ कॅथलिक होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतो. श्रीमंतांचा खेळ म्हणून गोल्फकडे नाक मुरडणाऱ्या आमच्या काही धर्मगुरुबंधूंना ते उपयोगी पडेल. त्या सनदेत खेळ सर्वांसाठी होता. आपल्याकडे इंग्रजांबरोबर तो आला, १८२९ साली कलकत्त्यात त्याचा क्लब निघाला, आणि मैदानाला कुंपण पडले. कुंपणाच्या आत सर्वसामान्य माणूस शिरू शकला तो बहुतांशी दुसऱ्याची पिशवी वाहण्यासाठी. त्यांच्यातूनही माणसे वर आली. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या अली शेर यांनी १९९१ साली, आणि पुन्हा १९९३ साली, इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. आमच्या वस्तीतल्या मुलांना येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांची नावे सांगताना अडखळायला होते, पण अली शेर हे नाव ते न अडखळता सांगतात.

त्यांतल्याच एकाची ही हकिकत. वय बावीस-तेवीस, वडील नाहीत, रविवारच्या पहिल्या मिस्साला न चुकता येणारा. कारण त्यानंतर लगेच मैदान गाठायचे असते. एका रविवारी परमप्रसाद घ्यायला तो लंगडत पुढे आला. पुढच्या रविवारीही तसाच. मिस्सानंतर आम्ही त्याला थांबवून विचारले तर म्हणाला, "काही नाही फादर, बूट नवे आहेत." पायांकडे पाहिले तर बूट खरेच देखणे होते. पांढरे चामडे, तळाला गोल्फच्या बुटांना असतात तशी रबरी बोंडे. मात्र ते नवे नव्हते. ज्या साहेबांची पिशवी तो नेहमी उचलतो, त्यांनी स्वतःसाठी दुसरे घेतल्यावर हे त्याला दिले होते. साहेबांचा पाय नऊ नंबरचा, याचा सात. पुढच्या भागात त्याने जुन्या बनियनचा बोळा कोंबला होता.

दोन नंबरांचा फरक म्हणजे नेमका किती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर. बूट बरोबर बसला तरी सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, सुमारे एक सेंटिमीटर, मोकळी जागा लागतेच. म्हणजे या मुलाच्या बोटांपुढे जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर जागा रिकामी होती. तीत बोळा कोंबला म्हणून बूट लहान होत नाही. बूट जिथे वाकायला हवा ती जागा पावलाच्या चवड्याखाली यावी लागते. मोठ्या बुटात ती पुढे सरकते, मग पाऊल एका ठिकाणी वाकते आणि बूट दुसऱ्या ठिकाणी. टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते, घासते आणि सोलते. त्याच्या दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड होते आणि एक पिकला होता.

"मग घालतोस कशाला?" या आमच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर आम्ही अजून मनात घोळवीत असतो. तो म्हणाला, "साहेबांनी एवढ्या प्रेमाने दिलेत, फादर. घातले नाहीत तर त्यांना वाईट वाटेल."

एका जखमी टाचेपेक्षा मोठी गोष्ट या वाक्यात आहे. देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून घेणारा स्वतःचा पाय मोडून घ्यायला तयार होतो. देणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तो घरी जाऊन समाधानाने झोपतो. त्या साहेबांचा आम्ही दोष काढीत नाही, गृहस्थ भला आहे. पण दान घेणारा माणूस 'हे मला होत नाही' असे सहसा म्हणू शकत नाही. त्याच्या तोंडी ते शब्द शोभत नाहीत, असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकलेले आहे. म्हणून विचारण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. नाताळच्या सुमारास सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसाठी चर्चच्या पोर्चमध्ये आम्ही जी पेटी ठेवतो, तिच्यात दरवर्षी वीस-पंचवीस जोडे येतात. कपडे उसवून लहान करता येतात, भांडे कुणालाही चालते. जुना बूट मात्र देण्याजोग्या वस्तूंत सर्वांत अवघड, कारण वर्ष-दोन वर्षांत तो मूळ मालकाच्या पावलाचा ठसा घेतो. आतली गादी त्याच्या टाचेखाली दबलेली असते, तळवा त्याच्या चालीप्रमाणे एका बाजूने झिजलेला असतो. दुसऱ्याने तो घालायचा म्हणजे दुसऱ्याच्या चालीने चालायचे.

टाच बरी झाल्यावर त्या मुलाला घेऊन आम्ही दुकानात गेलो. निम्मे पैसे सोसायटीच्या निधीतून आणि निम्मे त्याचे स्वतःचे; तो त्याचा आग्रह होता, आणि आम्हांला तो फार आवडला. सायंकाळी सहानंतर जायचे, असे आम्ही ठरविले होते. पाय दिवसभरात थोडा सुजतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी आवळतो, संध्याकाळी घेतलेला सकाळी फार तर किंचित सैल वाटतो, आणि त्याला नाडी आहेच. मैदानावर वापरतो ते जाड मोजेही त्याने बरोबर घेतले होते. दुकानातला सेवक अनुभवी होता. त्याच्याजवळ लांबी मोजण्याची सरकती पट्टी होती, पण आम्ही विनंती केल्यावर त्याने आतून धातूचे ते जुने उपकरण काढले, ज्यात टाच एका खोबणीत बसवून लांबी, चवड्यापर्यंतचे अंतर आणि रुंदी अशी तिन्ही मापे घेता येतात. अमेरिकेतल्या सिराक्यूस येथील चार्ल्स ब्रॅनॉक या बूटविक्रेत्याच्या मुलाने १९२०च्या दशकात ते बनविले आणि त्याचेच नाव त्याला पडले. जगभरच्या दुकानांत ते अजून वापरात आहे, आपल्याकडे दुर्दैवाने क्वचितच.

सेवक जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने मुलाच्या पावलाला हात घातला, तसा मुलाने पाय झटकन मागे घेतला. "राहू द्या ना. पाय घाण आहेत माझे." सेवक हसून म्हणाला, "भाऊ, दिवसभर हेच करतो मी." आम्हांला पवित्र गुरुवारचा पेत्र आठवला नसता तरच नवल. पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जण निवडताना दरवर्षी आमची हीच अडचण होते. पुढे येऊन वाचन करायला माणसे मिळतात. पाय पुढे करायला कुणी तयार होत नाही. जे येतात ते घरून साबणाने पाय धुऊन येतात.

माप निघाले ते असे : उजवा पाय पावणेसात, डावा सात, आणि रुंदी दोन्हींची नेहमीपेक्षा बरीच अधिक. दोन पाय तंतोतंत सारखे असणारी माणसे थोडीच. म्हणून दोन्ही मोजायचे, तेही उभे राहून, आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्यायचा. लांबी मोजताना अंगठाच सर्वांत लांब असे धरून चालू नये, अनेकांचे दुसरे बोट अंगठ्याच्या पुढे असते. पण आमची खरी अडचण रुंदीची होती. सेवकाने सवयीप्रमाणे 'मग आठ नंबर देतो, मोकळा होईल' असे सुचविले. हा उपाय आपल्याकडे इतका रूढ आहे की त्यात काही चूक आहे असे कुणाला वाटतच नाही. रुंद पायासाठी लांब बूट दिला की चवडा सुटतो, पण टाच निसटते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ साली देशभर एक लाखाहून अधिक माणसांचे पाय मोजले. भारतीयांचे पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद आहे, असे त्यांतून दिसून आले. परक्यांच्या साच्यावर घडविलेले बूट आपण पिढ्यान्पिढ्या एक नंबर वाढवून घालीत आलो आहोत. बोटे पसरून अनवाणी किंवा उघड्या चपलेत चाललेला पाय रुंदच होणार. त्यात लाजण्याजोगे काय आहे?

गोल्फच्या बुटात ही रुंदी अधिकच महत्त्वाची ठरते. उजव्या हाताने खेळणारा माणूस काठी मागे नेतो तेव्हा अंगाचा भार उजव्या पायावर जातो. फटका मारताना तो सारा भार क्षणार्धात डाव्या पायावर येतो आणि त्या पावलाच्या बाहेरच्या कडेकडे ढकलला जातो, तर उजवा पाय चवड्याच्या टोकावर फिरतो. बूट सैल असेल तर तळव्याची बोंडे जमीन धरून राहतात आणि पाय आतल्या आत घसरतो. घट्ट असेल तर करंगळीच्या मुळाशी सगळा दाब येतो. जुन्या काळी स्कॉटलंडमधले खेळाडू जाड बुटांच्या तळव्यांना खिळे ठोकीत. नंतर धातूचे स्क्रू आले, आणि १९९०च्या दशकात हिरवळ उखडू नये म्हणून मऊ प्लॅस्टिकच्या बोंडांनी त्यांची जागा घेतली. आता नुसत्या खडबडीत रबरी तळव्याचेही निघतात. पिशवी घेऊन चालणाऱ्याला तेच बरे, कारण मैदानाबाहेर सिमेंटवरही ते चालतात. हा मुलगा काही नुसता पिशवी वाहत नाही. सोमवारी मैदान बंद असते तेव्हा कॅडींना खेळू देतात, आणि त्याचा फटका चांगला आहे असे त्याचे सोबती सांगतात.

आम्ही चार जोड पाहिले. बूट पाहण्याची आमची रीत सोपी आहे आणि ती वाचकांनीही करून पाहावी. आधी बुटातली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर उभे राहायचे. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट घालून पाहण्याचे कष्टही घेऊ नयेत. मग दोन्ही बूट घालून, नाडी बांधून, उभे राहून बोटांपुढची जागा अंगठ्याने दाबून पाहायची. बोटे आत हलवता आली पाहिजेत. टाच उचलू नये. दुकानात पायरी असेल तर ती उतरावी. उतरताना बोटे पुढे आपटत असतील तर मैदानावरच्या उतारावर नख काळे होणार हे नक्की. त्या मुलाने तर काठी हातात असल्यासारखे अंग वळवून एक फटकाही मारला. गिऱ्हाइके पाहत राहिली. 'घालून घालून सैल होईल' हे विक्रेत्याचे वाक्य मनावर घेऊ नये. मऊ चामडे थोडे ताणते, पाणी आत येऊ नये म्हणून घडविलेला बूट फारसा ताणत नाही. आणि कोणताही बूट लांबीला वाढत नाही. पहिल्या तीन जोडांना आम्ही नकार दिला. चौथा साध्या दिसण्याचा होता, काळसर, किमतीने मधला, पण रुंद साच्यावरचा आणि सात नंबरचा. मुलाने दुकानात दोन फेऱ्या घातल्या आणि काही न बोलता पैसे काढले.

पुढे एके दिवशी साहेबांनी त्याला विचारलेच, की आपण दिलेले बूट कुठे गेले? मुलाने मान खाली घालून सांगितले की ते मोठे होत होते. साहेब म्हणाले, तेव्हाच का सांगितले नाहीस? मुलाने ते आम्हांला सांगितले तेव्हा तो हसत होता. आम्ही हसलो नाही.

मोठ्या बुटाविषयी एवढे लिहिल्यावर लहान बुटाविषयी न लिहिणे अन्याय होईल, कारण आमच्या धर्मग्रामात लहान बुटाने अधिक नुकसान केले आहे. मधुमेह आता घरोघरी आहे. एका निवृत्त गृहस्थांना डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले. त्यांनी उत्साहाने बूट घेतले, ते बेतशीर आणि घट्ट. दुकानात त्यांना मोठे बूट 'सैल' वाटले, कारण त्यांच्या पावलाची संवेदना मंदावली होती आणि बूट पायाला आवळल्याशिवाय तो पायात आहे असे त्यांना वाटतच नव्हते. करंगळीला जखम झाली. दुखले नाही, म्हणून पाहिली नाही. तीन आठवड्यांनी बोट काढावे लागले. इस्पितळात त्यांना परमप्रसाद द्यायला आम्ही गेलो तेव्हा ते पुनःपुन्हा एकच सांगत होते, "फादर, मला काही दुखलंच नाही हो."

हे कोडे आपल्या देशातच उलगडले होते. दक्षिणेतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली मिशनरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा समज तेव्हा सर्वत्र होता. वेदना समजत नसल्यामुळे रुग्ण नकळत स्वतःला इजा करून घेतात आणि ती वाढत जाते, हे ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. शस्त्रक्रियांइतकेच लक्ष त्यांनी चपलांकडे दिले. बारीक छिद्रांच्या मऊ रबराचे तळवे असलेल्या, रुग्णाच्या पायाला बेतलेल्या चपला तिथे तयार झाल्या, आणि असंख्य पाय वाचले. वेदना ही देणगी आहे, असे ब्रँड सांगत आणि लिहीत. दुखऱ्या टाचेने मिस्साला आलेला आमचा कॅडी त्या अर्थाने भाग्यवान म्हणायचा. म्हणून मधुमेह असलेल्या वाचकांना आमची कळकळीची विनवणी आहे : बूट घेताना स्वतःच्या पायावर विश्वास ठेवू नका, मापावर ठेवा, रोज रात्री तळवे आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्या, आणि बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा, खिळा, दुमडलेली गादी आहे का ते चाचपा. नवे बूट पहिले काही दिवस घरात तास-तासभरच वापरा.

पवित्र शास्त्रात पादत्राणे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या बाबतीत एकवाक्यता नाही. प्रेषितांना पाठविताना मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू त्यांना वहाणा घालू देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या नेऊ नका म्हणतो. सेमिनरीत असताना या विसंगतीवर आम्ही मोठी चर्चा केली होती. आज वाटते, गालिलातल्या खडकाळ वाटा ज्याने पाहिल्या असतील त्याला मार्काचे म्हणणे सहज पटेल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पिता अंगठीबरोबर मुलाच्या पायांत जोडा घालायला सांगतो. दास अनवाणी असत, पुत्र जोडा घालीत, असे भाष्यकार सांगतात, आणि ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. नोकरांनी जो जोडा आणला तो त्या मुलाला बसला असणार. त्याचे माप त्या घरात ठाऊक होते.

गेल्या नाताळात पोर्चमधल्या पेटीशेजारी आम्ही कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल ठेवली. ज्यांना जोड्याची गरज आहे त्यांच्या घरी सोसायटीचे सभासद जातात, कागदावर पाऊल ठेवून संध्याकाळच्या वेळी त्याची रेघ ओढून आणतात, दोन्ही पायांची. नाव लिहीत नाहीत, फक्त आकडा. ज्याला द्यायचे असेल त्याने एक कागद उचलायचा आणि त्या पावलासाठी नवा जोडा आणायचा. पहिल्या वर्षी सतरा कागद होते. त्यांतले पंधरा उचलले गेले, दोन राहिले. दोन्ही फार मोठ्या पावलांचे. यंदा कुणी उचलणार असेल तर रविवारच्या सायंकाळच्या मिस्सानंतर थेट बाजारात जावे. दुकाने साडेनऊपर्यंत उघडी असतात, आणि स्वतःसाठीही एक जोड पाहायचा असेल तर आमच्या प्रवचनानंतर पाय योग्य तेवढे सुजलेले असतात.